वाइन-आस्वादन आणि पानगोष्ठी

वाइन-आस्वादन : द्राक्षरसाच्या किण्वनाने तयार होणाऱ्या मद्याचा, म्हणजेच वाइनचा, रंग, गंध, चव व गिळल्यानंतर तोंडात रेंगाळणारा परिणाम यांची लक्षपूर्वक पारख करण्याच्या क्रियेस वाइन-आस्वादन म्हणतात. ही पारख दोन अगदी भिन्न ठिकाणी वाढली. त्यांपैकी एक म्हणजे व्यापाऱ्याचे तळघर आणि दुसरे मित्रमंडळींच्या भोजनाचे मेज. तळघरात दलाल वाइनचा घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतो, कमी बोलतो आणि मालाविषयी संशय बाळगतो. मेजावर वाइन प्यायली जाते, तिच्याविषयी मनमुराद बोलले जाते आणि बाटली आणणाऱ्यावर विश्वास ठेवला जातो. निवडक बाटल्या घेऊन मित्रांनी एकत्र जमण्याची जी प्रथा आज जगभर आढळते, तीत हे दोन्ही प्रवाह एकत्र आले आहेत. मात्र त्यांचा मेळ नेहमीच सुखाचा ठरलेला नाही.

प्राचीन ग्रीसमधील ‘सिम्पोझियम’ या पानगोष्ठीत दुसरा प्रवाह प्रथम स्पष्ट दिसतो. भोजन आटोपल्यावर पुरुष मंडळी मंचकांवर रेलून बसत. घरातील स्त्रियांना तेथे प्रवेश नसे. वाइन निर्जळ पिणे रानटीपणाचे मानले जाई. ‘क्रेटर’ नावाच्या रुंद तोंडाच्या भांड्यात ती पाण्याशी मिसळत (ज्वालामुखीच्या मुखाला याच शब्दावरून नाव मिळाले आहे) आणि पाण्याचे प्रमाण किती ठेवावयाचे, हे त्या रात्रीपुरता निवडलेला अध्यक्ष ठरवी. सर्वांना एकाच भांड्यातील पेय मिळे. प्लेटो व झेनोफन या दोघांनीही या नावाचे संवाद लिहिले, यावरून या बैठकीचे ग्रीक जीवनातील स्थान लक्षात येते. कायऑस, थेसॉस व लेझ्बॉस या बेटांच्या वाइनला विशेष मान होता. थेसॉस येथे वाइनच्या विक्रीवर निर्बंध घालणारे इ. स. पू. पाचव्या शतकातील कोरीव लेख सापडले आहेत. मेजावरचा विश्वास टिकवण्यासाठी बाजारात कायदा लागतो, ही जाणीव इतकी जुनी आहे.

रोमनांनी स्थळाबरोबर वर्षालाही महत्त्व दिले. इ. स. पू. १२१ या वर्षी कॉन्सल असलेल्या ओपिमियसच्या नावाने त्या वर्षीची वाइन ओळखली जाई. ती सुमारे दोनशे वर्षांनंतरही शिल्लक असून मधासारखी घट्ट झाली होती, असे थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात नोंदविले आहे. तथापि या विषयाच्या दृष्टीने त्याच्या भाच्याचे, म्हणजे धाकट्या प्लिनीचे, एक पत्र अधिक मोलाचे आहे. एका यजमानाकडे त्याने तीन दर्जांची वाइन वेगवेगळ्या लहान कुप्यांत ठेवलेली पाहिली. एक यजमान व त्याचे प्रतिष्ठित पाहुणे यांच्यासाठी होती, दुसरी कमी महत्त्वाच्या मित्रांसाठी व तिसरी दास्यमुक्त आश्रितांसाठी. प्लिनीला हे रुचले नाही. आपण आपल्या मेजावर सर्वांना एकच वाइन देतो, असे त्याने शेजाऱ्यास सांगितले. मग खर्च फार होत असेल, अशी शंका आली तेव्हा त्याने दिलेले उत्तर व्यवहारी होते : आश्रित त्याची वाइन पीत नसत, तोच त्यांची पीत असे. उत्तम वाइन मित्रांसमोर आणणे हे औदार्य की पाहुण्यांची प्रतवारी करण्याचे साधन, हा प्रश्न त्या पत्रात पहिल्यांदा इतक्या नेमकेपणाने पुढे आला.

भारतातही या प्रथेची समांतर उदाहरणे आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसापासून केलेल्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून त्याचे कापिशायन व हारहूरक हे प्रकार उत्पादनस्थळांवरून ओळखले आहेत. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकांनी एकमेकांच्या घरी भरवावयाच्या आपानकांचा उल्लेख येतो.

मध्ययुगीन यूरोपात वाइन पिपांत साठवली जाई. हवेच्या संसर्गाने ती वर्षभरात आंबट होऊ लागे, त्यामुळे जुन्या वाइनपेक्षा नवीला अधिक किंमत येई. आज स्वाभाविक वाटणारी ‘जुनी ती उत्तम’ ही समजूत बाटली व बूच यांच्या संयोगातून जन्मली. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दगडी कोळशाच्या भट्ट्यांतून जाड व मजबूत काच मिळू लागली. केनेल्म डिग्बी (१६०३–६५) याचे नाव या सुधारणेशी जोडले जाते. अठराव्या शतकात बाटलीचा आकार कांद्यासारखा गोल न राहता नळकांड्यासारखा झाला. आडवी ठेवलेली बाटली बुचाला ओले ठेवते व ओले बूच हवा रोखून धरते, त्यामुळे वाइन वर्षानुवर्षे संथपणे पक्व होऊ शकते. वीस वर्षे जपून ठेवून योग्य मित्र आल्यावर उघडावी अशी वस्तू या साध्या यांत्रिक योगायोगामुळे निर्माण झाली.

याच काळात मळ्यांची नावे रसिकांच्या बोलण्यात येऊ लागली. सॅम्युएल पीप्सने १० एप्रिल १६६३ रोजी लंडनमधील एका मद्यगृहात बोर्दोजवळच्या ओ-ब्रियाँ मळ्याची वाइन चाखून तिच्या वेगळ्या चवीची नोंद आपल्या दैनंदिनीत, नावाचे स्पेलिंग चुकवून, केली आहे. टॉमस जेफर्सन १७८७ मध्ये बोर्दोला गेला. त्याने मळ्यांची श्रेणी लावून घेतली आणि थेट मालकांकडून वाइन मागविण्याचा परिपाठ ठेवला. मधल्या व्यापाऱ्यावर त्याचा भरवसा नव्हता. पुढे १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तांबड्या वाइनच्या मळ्यांची पाच वर्गांत विभागणी केली. लाफीत, ला तूर, मार्गो व ओ-ब्रियाँ हे मळे पहिल्या वर्गात आले. या यादीसाठी मुद्दाम आस्वादपरीक्षा घेण्यात आली नाही. दलालांनी अनेक वर्षांचे बाजारभाव आधारास घेतले, कारण त्यांच्या मते पिढ्यान्‌पिढ्यांच्या चाखण्याचा निष्कर्ष त्या भावांत उतरलेलाच होता. ही यादी अद्यापि जवळजवळ जशीच्या तशी आहे. मूतों-रोथशिल्ड या मळ्यास १९७३ मध्ये पहिल्या वर्गात मिळालेली बढती हा तिच्यातील ठळक बदल होय.

विसाव्या शतकात मित्रांच्या बैठकीस संस्थेचे रूप आले. आंद्रे सिमाँ (१८७७–१९७०) याने १९३३ मध्ये लंडन येथे वाइन व खाद्य यांना वाहिलेली मंडळी स्थापन केली. बर्गंडीत १९३४ मध्ये न्वी-सें-जॉर्ज येथे ‘तास्तव्हँच्या सरदारांचा’ संघ निघाला. तास्तव्हँ म्हणजे अंधाऱ्या तळघरात मेणबत्तीच्या उजेडात वाइनचा रंग पाहण्यासाठी वापरण्यात येणारी, खोलगट खळ्या असलेली उथळ चांदीची वाटी. दलालाचे हे हत्यार संघाने गळ्यात दागिन्यासारखे घातले. मंदीचे दिवस होते आणि तळघरांतील माल खपत नव्हता. आपली वाइन कोणी विकत घेत नसेल, तर मित्रांना बोलावून त्यांच्यासह ती पिऊन टाकावी, असा विचार संस्थापकांनी केल्याचे सांगतात. विनोदी दीक्षाविधी, गाणी व मेजवान्या यांमुळे संघाची कीर्ती पसरली आणि वाइनही खपू लागली. आतिथ्य आणि विक्री यांची इतकी उघड व निरागस सांगड क्वचितच घातली गेली असेल.

आस्वादनाची रीत आज बहुतेक सर्वत्र सारखी आहे. निमुळत्या तोंडाच्या पेल्यात एकतृतीयांशाहून कमी वाइन ओततात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तिचा रंग व निवळपणा पाहतात, पेला फिरवून गंध घेतात, नंतर लहान घोट घेऊन त्यातून थोडी हवा आत ओढतात. जिभेला गोड, आंबट, खारट, तुरटपणाहून निराळा असा कडू व मांसरसासारखा एवढ्याच मूळ चवी कळतात. तुरटपणा ही टॅनिनांमुळे येणारी कोरडेपणाची संवेदना आहे. बाकीचे जे ‘चव’ म्हणून वर्णिले जाते, ते घशामागून नाकाकडे जाणाऱ्या गंधाचे कार्य होय. सर्दी झालेल्या माणसाने आस्वादसभेस न जाणेच बरे. एकाच वर्षाच्या निरनिराळ्या मळ्यांच्या वाइन शेजारी ठेवल्यास ती ‘आडवी’ आणि एकाच मळ्याच्या निरनिराळ्या वर्षांच्या ठेवल्यास ती ‘उभी’ आस्वादसभा होय. मित्रांच्या बैठकीत प्रत्येकाने आपली बाटली कागदात गुंडाळून आणावी, तीवर केवळ क्रमांक घालावा व शेवटी वेष्टन उघडावे, ही पद्धत विशेष बोधप्रद ठरते. कारण तेथे विद्वत्तेचा फजितवाडा सर्वांसमक्ष होतो आणि त्याचा राग कोणी मानत नाही. बुचाचा दोष ही मात्र नाजूक बाब आहे. ट्रायक्लोरोॲनिसोल या संयुगामुळे वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. एखाद्याने दहा वर्षे जपलेल्या बाटलीला हा वास आल्यास पाहुणे बहुधा गप्प बसतात. सभ्यपणा व सत्य यांतील हा पेच तळघरातील दलालास ठाऊक नसतो.

वेष्टन किती महत्त्वाचे, हे २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये दिसून आले. स्टीव्हन स्पुरियर (१९४१–२०२१) या इंग्रज वाइन-व्यापाऱ्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त भरविलेल्या सभेत नऊ फ्रेंच परीक्षकांनी लेबले न पाहता कॅलिफोर्नियाच्या व फ्रान्सच्या वाइन चाखल्या. प्रत्येक गटात सहा कॅलिफोर्नियाच्या व चार फ्रेंच होत्या. पांढऱ्या गटात शातो माँटेलीना व तांबड्या गटात स्टॅग्ज लीप या दोन्ही कॅलिफोर्नियन वाइन पहिल्या आल्या. दोन्ही १९७३ च्या होत्या. चाखताना एका परीक्षकाने तर कॅलिफोर्नियाची वाइन फ्रान्सचीच असल्याचा निर्वाळा दिला होता. निकाल जाहीर झाल्यावर एका परीक्षिकेने आपली गुणपत्रिका परत मागितली. सभेस टाइम साप्ताहिकाचा एकच वार्ताहर हजर होता, अन्यथा हा प्रसंग तेथेच जिरला असता. कॅलिफोर्नियाच्या तांबड्या वाइन लवकर विटतील असा आक्षेप त्यानंतर घेतला गेला. परंतु २००६ मध्ये त्याच तांबड्या वाइन पुन्हा चाखल्या गेल्या, तेव्हा पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाकडेच गेले.

लेबल झाकले की सत्य हाती येते, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता येत नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन रंगाने तांबडी करून देण्यात आली, तेव्हा त्यांनी तिच्या गंधाचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. कॅलिफोर्नियातील राज्य प्रदर्शनाच्या परीक्षकांना रॉबर्ट हॉजसन यांनी एकाच बाटलीतील वाइन नकळत तीनदा दिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सुमारे दहा टक्के परीक्षकच आपला निर्णय एकाच पदकश्रेणीत कायम ठेवू शकले. तज्ञाचे ज्ञान खोटे असते, असा याचा अर्थ नव्हे. डोळा व अपेक्षा यांचा नाकावर किती प्रभाव पडतो, एवढेच त्यातून कळते.

या दुर्बलतेचा फायदा घेतला गेला तो मेजावरील विश्वासाच्या आडून. लंडनमध्ये १९८५ च्या डिसेंबरात क्रिस्टीज या लिलावसंस्थेने जेफर्सनच्या आद्याक्षरांची, १७८७ सालची म्हणून सांगितलेली लाफीतची एक बाटली १,०५,००० पौंडांना विकली. ती पुढे आणणारा जर्मन संग्राहक आपल्या भव्य, निमंत्रितांसाठी मोफत आस्वादसभांबद्दल प्रसिद्ध होता. त्याच संचातील बाटल्यांवरील अक्षरे विद्युत्‌ यंत्राने कोरली असल्याचे मत पुढे तपासनिसांनी दिले. याहून स्पष्ट प्रकरण रूडी कुर्नियावान याचे होय. अमेरिकेतील धनिक रसिकांच्या बैठकींत तो दुर्मिळ बाटल्या सढळ हाताने उघडी. त्याची जीभ खरोखरच तरबेज होती आणि जो इतके वाटतो तो फसवील कशाला, असे मित्रांना वाटे. एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्याच्याकडील क्लो सें-दनी या मळ्याच्या, पाँसो या बर्गंडीतील घराण्याच्या नावाने १९४५ पासूनच्या बाटल्या आल्या. त्या घराण्याने ती वाइन १९८२ पूर्वी बनविलीच नव्हती. घराण्याचे लोराँ पाँसो स्वतः न्यूयॉर्कला पोहोचले व त्या बाटल्या विक्रीतून मागे घ्याव्या लागल्या. मार्च २०१२ मध्ये अटक झाली तेव्हा कुर्नियावानच्या घरी बुचे, लेबले व मिश्रणाच्या कृती सापडल्या. २०१४ मध्ये त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. चाखणाऱ्यांच्या जिभेने नव्हे, तर एका घराण्याच्या वहीतील तारखेने हा बनाव उघडकीस आणला.

महाराष्ट्रात ही प्रथा अलीकडची आहे. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे १९८० नंतरच्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ वाइन तयार होऊ लागली. नासिकजवळ सुला या कंपनीची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि २००५ मध्ये सुलाच्या मळ्यावर पाहुण्यांसाठी आस्वादगृह उघडले. येथे द्राक्षांची तोडणी शरद ऋतूत न होता मुख्यतः जानेवारी ते मार्चमध्ये होते. आस्वादगृहात येणाऱ्यांपैकी अनेकांनी वाइन पूर्वी चाखलेली नसते, आणि खरी अडचण जिभेची नसून शब्दांची असते. ॲन नोबल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८४ मध्ये तयार केलेल्या गंधचक्रातील कित्येक पाश्चात्त्य बोरे येथील पाहुण्याने पाहिलेलीही नसतात. ‘सोव्हिन्यों ब्लाँ’ या जातीच्या वाइनला पिकलेल्या पेरूचा वास येतो, हे मात्र सांगावे लागत नाही. आणि हा वास रासायनिक दृष्ट्याही काल्पनिक नाही, कारण त्या वाइनमधील काही गंधकयुक्त संयुगे पेरूतही आढळतात.