झिजलेल्या फळीची कुळकथा

रापलेल्या लाकडी फळीवर कुटुंबाचे आडनाव, स्वागताचा शब्द किंवा एखादे सुवचन रंगवून ती दिवाणखान्यात अथवा स्वयंपाकघरात टांगण्याची पद्धत अमेरिकेत रुजली आणि तेथून जगभर पसरली. रस्त्यावरची व्यवसायाची पाटी, घरातल्या भिंतीवरचे सुवचन आणि शेतावरच्या कोठाराची ऊनपावसाने झिजलेली फळी या तीन स्वतंत्र परंपरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकत्र आल्या आणि त्यांतून ही वस्तू घडली. पाटी रंगवणाऱ्या कारागिराला किंवा भिंतीवर सुवचन लावणाऱ्या गृहिणीला जीर्णतेचे कौतुक नव्हते. रंग उडालेली पाटी म्हणजे मालकाचे दुर्लक्ष, असाच तिचा अर्थ लावला जाई. त्यामुळे या वस्तूची कुळकथा सांगताना झीज हा दोष अलंकार कसा बनला, हे मुख्यत्वे उलगडावे लागते.

पाटीची परंपरा यांत सर्वांत जुनी आहे. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकाच्या अखेरीस मद्यविक्रेत्यांना दारावर खूण लावणे बंधनकारक झाले होते, आणि अमेरिकेतील कनेक्टिकट वसाहतीने 1672 मध्ये खानावळ चालवणाऱ्यांसाठी तसाच नियम केला. अनेकांना वाचता येत नसल्याने या पाट्यांवर अक्षरांपेक्षा घोडा, सिंह, सूर्य अशा चित्रांना महत्त्व असे, आणि त्या रंगवणारे कारागीर बहुधा बग्ग्या व घरगुती सामानही रंगवून पोट भरत. पेनसिल्व्हेनियातील प्रसिद्ध लोकचित्रकार एडवर्ड हिक्स (1780–1849) याच व्यवसायातून पुढे आला. जवसाच्या तेलात खलून केलेल्या रंगाचा थर लाकडाला संरक्षण देत असल्यामुळे उघड्यावर टांगलेल्या पाटीची मोकळी पार्श्वभूमी आधी झिजे आणि रंगाखालची अक्षरे किंचित उठावदार होऊन उरत. आजचे कारागीर जो परिणाम मुद्दाम साधू पाहतात, तो तेथे काळाने आपोआप घडवला होता.

घरात शब्द टांगण्याची रीत निराळ्या वाटेने आली. मुलींना टाके आणि मुळाक्षरे एकदम शिकवण्यासाठी कापडावर वर्णमाला, धर्मवचने व सुवचने भरून घेण्याची प्रथा युरोप-अमेरिकेत शतकानुशतके चालत होती. जॉन हॉवर्ड पेन याने 1823 च्या एका संगीतिकेसाठी लिहिलेले घराच्या ओढीचे गीत अफाट लोकप्रिय झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या गीताचे शीर्षक किंवा घरासाठी मागितलेला आशीर्वाद छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यावर रंगीत लोकरीने भरून चौकटीत बसवण्याची घरोघर चाल पडली. जगणे, हसणे आणि प्रेम करणे या तीन क्रियापदांची जी त्रयी आजच्या असंख्य लाकडी पाट्यांवर दिसते, तिचे मूळ कॅन्ससमधील बेसी अँडरसन स्टॅन्ली यांनी 1904 मध्ये यशस्वी जीवनाविषयीच्या एका स्पर्धेसाठी लिहिलेल्या छोट्या मजकुरापर्यंत नेले जाते.

तिसरी परंपरा शेतावरची. धान्य, गवत आणि जनावरे एकाच छपराखाली ठेवणाऱ्या अमेरिकन कोठारांच्या विशाल लाकडी भिंती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जाहिरातदारांच्या नजरेत भरल्या. वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंग येथील ब्लॉक बंधूंच्या ‘मेल पाउच’ तंबाखूची अक्षरे हजारो कोठारांवर रंगवली गेली. शेतकऱ्याला थोडा मोबदला मिळे आणि भिंत फुकट रंगवून मिळे. दुसऱ्या महायुद्धानंतर या कामाला लागलेल्या हार्ली वॉरिक या एकाच रंगाऱ्याने आपल्या हयातीत वीस हजारांहून अधिक कोठारे रंगवल्याचे सांगितले जाते. महामार्गांच्या सुशोभनाचा कायदा 1965 मध्ये झाल्यावर अशा जाहिरातींना ओहोटी लागली. तोवर कोठारेही ओस पडू लागली होती, कारण 1935 मध्ये सुमारे 68 लाख असलेली अमेरिकेतील शेतांची संख्या यंत्रांच्या प्रसारामुळे आणि जमिनी एकत्र होत गेल्यामुळे 1969 पर्यंत 27 लाखांच्या आसपास आली होती. पाडलेल्या कोठारांच्या करड्या फळ्या, काही वेळा जुन्या जाहिरातींच्या अक्षरांच्या खुणांसह, बाजारात येऊ लागल्या.

या फळ्यांना मोल येण्यामागे एका रोगाचाही हात आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातील चेस्टनट वृक्षांवर 1904 मध्ये एका परकीय बुरशीचा प्रादुर्भाव आढळला आणि पुढील अर्धशतकात तिने पूर्व अमेरिकेतील अब्जावधी चेस्टनट वृक्ष मारले. वाळून उभ्या राहिलेल्या खोडांचे, किड्यांनी बारीक छिद्रे पाडलेले लाकूड प्रथम हलके समजून विकले गेले. पण नवा वृक्ष मिळेनासा झाल्यावर जुन्या कोठारांतील चेस्टनट हाच त्या लाकडाचा मोठा साठा उरला आणि त्या छिद्रांनाही किंमत आली. दुर्मिळतेने झिजेकडे पाहण्याची दृष्टी बदलली, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

झीज होते कशी, हेही पाहिले पाहिजे. लाकडातील सेल्युलोजच्या तंतूंना लिग्निन हा नैसर्गिक चिकट पदार्थ बांधून ठेवतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्याचे विघटन करतात, पाऊस ते अवशेष धुऊन नेतो आणि मागे उरलेल्या फिकट तंतूंवर सूक्ष्म बुरशी वाढून फळीला करडेपणा येतो. हा बदल पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरापुरता असतो. मऊ जातीचे लाकूड उघड्यावर शंभर वर्षांत जेमतेम 6 मिलिमीटर झिजते. वाढवलयातील वसंतात वाढलेला मऊ भाग आधी झिजतो आणि नंतर वाढलेला कडक भाग कंगोऱ्यांसारखा वर राहतो, म्हणून जुन्या फळीवरून बोट फिरवले की तिच्या रेषा हाताला लागतात.

कृत्रिम जीर्णतेचा शौक कोठारांच्या फळ्यांना आलेल्या मोलाहून जुना आहे. राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी व्हर्सायच्या उद्यानात 1783 पासून उभारलेल्या खेड्यातील घरांच्या भिंतींवर तडे आणि किडलेले लाकूड रंगाने चितारले होते. श्रमाच्या खुणा श्रमापासून दूर असलेल्यांना रम्य वाटतात, हे तेव्हाच दिसून आले. मात्र मध्यमवर्गीय घरांत ही अभिरुची रुजली ती रेचल अ‍ॅशवेल यांनी 1989 मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे उघडलेल्या ‘शॅबी शिक’ या दुकानानंतर. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये अ‍ॅनी स्लोन यांनी फारशी पूर्वतयारी न करता लावता येणारा आणि सहज घासून काढता येणारा खडूसारखा निस्तेज रंग बाजारात आणला.

नव्या फळीला जुनेपण देण्याची आजची रीत मुळातल्या झिजेचेच टप्पे गाठते. तारेच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासून मऊ भाग काढला जातो. साखळीचे किंवा हातोडीचे घाव घालून वापराच्या खुणा उठवल्या जातात. किड्यांच्या छिद्रांसाठी टोच्या वापरतात. व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजवलेल्या स्टील वूलचे पाणी लावले, की त्यातील लोहाची लाकडातल्या टॅनिनशी अभिक्रिया होऊन करडा-काळा रंग उमटतो. पाइनमध्ये टॅनिन कमी असल्याने त्यावर आधी कडक चहाचा हात फिरवावा लागतो. हिरडा आणि हिराकस यांपासून काळा रंग करण्याची भारतीय रंगाऱ्यांची जुनी रीत याच अभिक्रियेवर उभी आहे. त्यानंतर जेथे रंग टिकू द्यायचा नसतो तेथे मेण चोळून वर दुधातील केसीन व चुना यांचा किंवा खडूसारखा रंग देतात, स्टेन्सिलने अक्षरे उमटवतात आणि शेवटी कडा-कोपरे काचकागदाने घासतात. हात, दोरी आणि वारा खऱ्या पाटीला जेथे झिजवतात तेथेच घासणे, हा या कामातील कसोटीचा भाग होय. सर्वत्र सारखी घासलेली फळी जाणत्याला लगेच खोटी वाटते.

2005 मध्ये सुरू झालेली एट्सी ही हस्तकलेची ऑनलाइन बाजारपेठ आणि टेक्ससमधील वेको येथील चिप व जोआना गेन्स यांचा 2013 पासूनचा ‘फिक्सर अपर’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम यांनी ही शैली घरोघर नेली, आणि कोठारांच्या फळ्या पुरेनाशा झाल्यावर कारागिरांनी मालवाहतुकीची लाकडी पॅलेट उकलायला घेतली. पॅलेटवर ‘एचटी’ शिक्का असल्यास लाकूड 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटे तापवलेले असते. ‘एमबी’ शिक्का मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूच्या धुरीचा असल्याने तसे लाकूड घरात वापरू नये. जुन्या रंगीत फळ्यांत शिसे असू शकते, म्हणून त्या तपासल्याशिवाय घासणे धोक्याचे ठरते.

महाराष्ट्राकडे जुन्या लाकडाचा स्वतःचा मोठा साठा आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनची स्थापना 1863 मध्ये झाली आणि ब्रह्मदेशातील सागाच्या व्यापाराला त्यातून बळ मिळाले. तो साग येथील अनेक जुन्या इमारतींत वापरला गेला. पाडलेल्या वाड्यांच्या आणि चाळींच्या तुळया, खांब व दारे आज जुन्या लाकडाच्या वखारींत आणि मुंबईत ओशिवऱ्याच्या बाजारात येतात, आणि त्यांतून नवे फर्निचर व नावाच्या पाट्या घडतात. अशा सागावर खिळ्यांची छिद्रे आणि जुन्या सांध्यांच्या खाचा आधीच असतात; त्याला आणखी झिजवण्याची गरज नसते.

नवी फळी झिजवणे ही म्हणूनच एक मर्यादित, पण सन्मान्य कला आहे. काळ लाकडावर कसा काम करतो याचा तिने बारकाईने अभ्यास केला, तर ती त्या कामाला दाद देते. तो अभ्यास सोडला, तर उरतो केवळ ओरखडा. आणि जेथे खरी जुनी फळी हाताशी आहे, तेथे ती साफ करून, तेल देऊन, तिच्या खुणा जशाच्या तशा ठेवून तिच्यावर अक्षर रंगवणे, हेच या परंपरेच्या तिन्ही पूर्वजांशी सर्वांत प्रामाणिक राहणे होय.