लसीकरणाचा तक्ता वाचताना आधी जन्मसाल विचारा

अंगणवाडीच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो बघून वाटतं, हे पहिल्यापासून असंच चालत आलंय. पण त्यातल्या प्रत्येक ओळीला स्वतःचं साल आहे. आरोग्यविषयक संशोधन करायचं असेल, तर हे साल माहीत असावंच लागतं. का, ते बघू.

समजा, शिरूर तालुक्यातल्या निमोणे गावात तुम्ही एका घराची माहिती गोळा करताय. आजी १९६० ची, मुलगा १९९० चा, नात २०२० ची.

आजी लहान होती तेव्हा लस म्हणजे मुख्यतः देवीची. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि पुढे ती लस थांबली. १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, पण त्याचा भर शहरांवर होता. सुरुवातीच्या यादीत टायफॉइडची लसही होती; ती नंतर वगळली. म्हणजे तक्त्यात लशी फक्त वाढत गेल्या असं नाही, काही गेल्यासुद्धा.

१९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला. गोवर यादीत आला आणि टप्प्याटप्प्याने १९९० पर्यंत सगळे जिल्हे त्यात आले. त्यामुळे मुलाच्या वाट्याला बीसीजी, डीपीटी, पोलिओ आणि गोवर एवढ्या लशी येतात. नातीच्या कार्डावर यांखेरीज कावीळ-ब, हिब, टोचून द्यायची पोलिओ लस, रोटाव्हायरस आणि रुबेला दिसेल. न्यूमोकोकल लस देशभर पोचली २०२१ मध्ये. म्हणजे ती कदाचित नातीला नाही, पण तिच्या पाठच्या भावाला मिळाली असेल. एकाच घरात, एकाच आरोग्य केंद्रात!

आता प्रश्न असा, की यांतल्या कोणाचं लसीकरण 'पूर्ण' झालं म्हणायचं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात त्यासाठी बीसीजी, गोवराची एक मात्रा आणि डीपीटी व पोलिओच्या तीन-तीन मात्रा धरतात. या व्याख्येनुसार १२ ते २३ महिन्यांच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ६२ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ७६.४ टक्के झालं. व्याख्या तीच ठेवली म्हणून ही तुलना करता येते. पण त्याची किंमतही आहे: रोटाव्हायरसची एकही मात्रा न मिळालेलं मूल या आकड्यात 'पूर्ण' ठरू शकतं. आकडा वाचताना त्यात काय मोजलंच नाही, हेही विचारायची सवय लावून घ्या.

रोटाव्हायरसच्या ओळीचा शिरूर तालुक्याशी जवळचा संबंध आहे. रोटाव्हॅक या भारतीय लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे इथे झाली. पुण्याचं केंद्र म्हणजे याच तालुक्यातल्या वढू बुद्रुकचं केईएम रुग्णालयाचं ग्रामीण केंद्र. तिन्ही ठिकाणची मिळून ६,७९९ बाळं त्यात होती. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आला: तीव्र जुलाबांपासून संरक्षण सुमारे ५४ टक्के.

'एवढंच?' असं पटकन वाटेल. पण रोटाव्हायरसचे जुलाब घरोघरी होतात आणि त्यांतले काही जीवावर बेततात. आजार इतका पसरलेला असला, की निम्मे तीव्र आजार टळणं हीसुद्धा फार मोठी संख्या असते. २०१६ पासून काही राज्यांत आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात ही लस तक्त्यात आली.

पुणे जिल्ह्यातल्याच गावांत गोवराची लस सुईऐवजी श्वासावाटे देऊन बघितली गेली. दोन हजारांवर बाळांची ही चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. श्वासावाटे दिलेली लस सुईच्या तोडीची ठरली नाही, म्हणून नवव्या महिन्यात आजही सुईच आहे. तक्त्यात न झालेला बदलही संशोधनातूनच ठरतो, तो असा.

म्हणून माहिती गोळा करताना प्रश्नावलीत 'लस घेतली का?' याच्या आधी जन्मसालाचा रकाना ठेवा. त्या साली, त्या राज्यात तक्त्यात कोणत्या लशी होत्या, ते शेजारी लिहा. नाहीतर १९९० च्या मुलाला रोटाव्हायरसची लस 'चुकली' असं तुमचं कोष्टक सांगेल, आणि दोष जाईल त्याच्या आईवर.