एक कळ, चौसष्ट नकाशे

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. औरंगाबाद जिल्ह्यातून जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके निघाले आणि परभणीतून परतूर आला. मी तेव्हा अंबड तालुक्यात कालव्याच्या एका उपविभागात अनुरेखक, म्हणजे ट्रेसर होतो. नवा जिल्हा झाल्याचा आनंद आम्हालाही होता, पण आमच्या कपाटात शेकड्यांनी नकाशे पडून होते. कुणाच्या उजव्या कोपऱ्यात 'जिल्हा औरंगाबाद', तर कुणाच्या 'जिल्हा परभणी'. यापुढे ज्याची प्रत काढायची, त्यावर 'जिल्हा जालना' हवं.

मग अर्धं ब्लेड घ्यायचं, वाळलेली शाई अलगद खरवडायची, कागदाला भोक पडू द्यायचं नाही, घासलेली जागा गुळगुळीत करायची आणि स्टेन्सिल ठेवून नवं नाव लिहायचं. एका कोपऱ्याला पाव तास. तो पावसाळा आम्ही तिघांनी त्यातच घालवला.

२०२३ साली औरंगाबाद जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. तिकडे काम करणाऱ्या ओळखीतल्या एका तरुण अभियंत्याला मी विचारलं, "नकाशांवरची नावं बदलायला किती दिवस गेले?" तो हसला. कोपऱ्यातली चौकट त्यानं एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवली होती आणि ती सगळ्या नकाशांना जोडलेली होती. नाव एकदाच बदललं, नकाशांची यादी निवडली, कळ दाबली आणि तो चहाला गेला. परत येईपर्यंत प्लॉटरमधून कागद पडायला लागले होते.

मला कौतुक वाटलं आणि थोडी धाकधूकही. ती का, हे सांगण्यासाठी नकाशाच्या प्रतीची गोष्ट सांगायला हवी.

जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. पैठणहून निघणारा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब. तो जालना जिल्ह्यातून परभणीकडे जातो. सुमारे १ लाख ४१ हजार हेक्टर जमीन त्याच्या लाभक्षेत्रात धरलेली. दर तीस मीटरवर जमिनीचा एक आडवा छेद काढायचा म्हटलं, तर एकट्या मुख्य कालव्याचेच सात हजारांच्या आसपास छेद होतात. शिवाय वितरिका, लघुवितरिका, पूल, मोऱ्या, आउटलेट. लोकांना कालवा माती-दगडाचा दिसतो. आम्हाला तो आधी कागदाचा दिसायचा.

आणि कागद एक असून भागत नाही. एक प्रत विभागाला, एक उपविभागाला, एक ठेकेदाराला, एक प्रत्यक्ष कामावर. चार ठिकाणी चार माणसं एकच रेघ बघताहेत, याची खात्री म्हणजे प्रत.

पूर्वी ही खात्री हातानं करत. मूळ नकाशावर मेणासारखं पारदर्शक ट्रेसिंगचं कापड पसरायचं, त्यावर खडूची भुकटी चोळायची म्हणजे शाई धरते, आणि रेघ गिरवायची. या कापडावरून प्रती काढायची युक्ती मात्र एका खगोलशास्त्रज्ञाची. इंग्लंडच्या जॉन हर्शेल यांनी १८४२ साली लोहाच्या क्षारांवर उजेडाचा परिणाम होऊन निळा रंग उमटतो, हे शोधून काढलं. क्षार लावलेल्या कागदावर ट्रेसिंग ठेवायचं, उन्हात धरायचं आणि पाण्यात धुवायचं. उजेड लागला तिथे निळं, रेघेखाली झाकलं तिथे पांढरं. हीच ती ब्लू प्रिंट. आज पुढारी विकासाची ब्लू प्रिंट मांडतात, तेव्हा हर्शेलचा ओला निळा कागद कुणाला आठवत नाही. धुतल्यावर तो कागद आक्रसायचा, म्हणून जुने लोक बजावत, त्यावर पट्टी ठेवून माप घेऊ नका, लिहिलेला आकडा वाचा.

मी नोकरीला लागलो तेव्हा निळा कागद मागे पडून अमोनिया आला होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पुढे आलेली ही रीत. कागद धुवायचा नाही, अमोनियाच्या वाफेत फिरवायचा, की फिक्या जमिनीवर गडद रेघा उमटतात. वासानं डोळ्यांतून पाणी यायचं. पण एक गोष्ट होती. प्रत्येक ट्रेसिंग एकेक करून यंत्रात घालावं लागे. घालणाऱ्याची नजर आपोआप कोपऱ्यावर जाई. नकाशा क्रमांक, सुधारणेची तारीख, साहेबांची सही. सही नसेल तर तो बाजूला पडे. या कामाला कुणी तपासणी म्हणत नव्हतं, पण ती तपासणीच होती.

संगणकाची गोष्ट तशी जुनी. १९६३ साली अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये आयव्हन सदरलँड यांनी पडद्यावर प्रकाशलेखणीनं रेघा काढणारा 'स्केचपॅड' तयार केला. डिसेंबर १९८२मध्ये साध्या संगणकावर चालणारं ऑटोकॅड बाजारात आलं. आमच्यापर्यंत ते यायला शतक संपत आलं. सुरुवातीचे प्लॉटर खऱ्या पेनांनी रेघ काढत. दाट नकाशाला अर्धा-पाऊण तास लागे आणि मध्येच पेन सुके, म्हणून माणूस शेजारी बसून राही. मग शाई फवारणारे प्लॉटर आले आणि बसायची गरज संपली.

उरला एकच कंटाळा. नकाशा उघडा, छापा, बंद करा, पुढचा उघडा. त्यावर जाणकारांनी तोडगा काढला. याच आज्ञा ओळीनं एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहायच्या आणि ती चालवायची. त्याला स्क्रिप्ट म्हणत. २००३ साली आलेल्या ऑटोकॅड २००४मध्ये 'पब्लिश' ही सोय आली आणि पुढच्याच आवृत्तीत 'शीट सेट', म्हणजे सगळे नकाशे एका वहीत बांधल्यासारखे. यादी करा, कळ दाबा.

ती कळ मीही दाबली आहे. तोवर मी आरेखक झालो होतो. एका वितरिकेच्या रखडलेल्या कामाचे चौसष्ट नकाशे होते, प्रत्येकाचे चार संच. मध्ये रोल बदलायचा, एवढंच काम. दोन दिवसांत २५६ कागद तयार. अमोनियाच्या काळात आठवडा गेला असता. मी खूष होतो.

पंधरा दिवसांनी एक शेतकरी आले. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी घडी घातलेली जुनी अमोनिया प्रत काढली. तिच्यावर लाल पेन्सिलीनं कालव्याची रेघ थोडी सरकवलेली होती आणि शेजारी त्या वेळच्या अभियंत्याची सही. ते म्हणाले, "सायेब, ह्या कागदावर माही हीर वाचलीय. मग त्या कागदावर कशी गेली?" शेतात फक्की मारलेली रेघ थेट त्यांच्या विहिरीवरून गेली होती.

शोध घेतला. संगणकात त्या एका नकाशाच्या दोन फाइली होत्या, जुनी आणि सुधारित. नावात एका अक्षराचा फरक. यादी करताना दोन्ही आल्या, म्हणून मी एक काढून टाकली. काढली ती सुधारित. चारही संचांत चूक सारखीच, त्यामुळे एक संच दुसऱ्याशी ताडून पाहिला असता तरी ती सापडली नसती. खोदाई सुरू व्हायची होती म्हणून निभावलं. विहीर वाचली. ती वाचवली माझ्या यंत्रानं नाही, वर्षानुवर्षं जपलेल्या एका कागदानं.

मी काही अमोनियाचे गोडवे गाणारा नाही. त्या वासात पुन्हा कुणी डोळे जाळू नयेत. पण जुन्या पद्धतीत उशिराबरोबर फुकटात मिळणारी नजर नव्या पद्धतीत वेगळी घालावी लागते, एवढं मी त्या दिवशी शिकलो. मग नियम केला. आधी एकच संच छापायचा. तो टेबलावर पसरून नोंदवहीशी ताडायचा, क्रमांक आणि सुधारणा पाहून प्रत्येक कोपऱ्यावर लाल खूण करायची, मगच बाकीचे तीन. प्रत्येक कागदाच्या कडेला फाइलचं नाव आणि छापल्याची वेळ उमटेल अशीही सोय असते. ती कधी बंद ठेवली नाही.

चौसष्ट कोपरे बघायला अर्धा तास लागतो. त्या तरुण अभियंत्याला मी एवढंच विचारलं, "चहा पिऊन आल्यावर कोपरे पाहिलेस ना?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "काका, उद्या पाहतो."

मी म्हटलं, "आजच पाहा."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)