साल्हेर : बागलाणचा पहारेकरी

साल्हेर हे कळसूबाईखालोखाल महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची १,५६७ मीटर. गिरिदुर्ग म्हणून मात्र राज्यात त्याच्याहून उंच दुसरा नाही. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात, गुजरातच्या डांगांना लागून, सह्याद्रीच्या सेलबारी आणि डोलबारी या रांगा आहेत. सेलबारीवर मांगी-तुंगी, तर मोसम नदीच्या दक्षिणेला डोलबारीवर मुल्हेर, मोरा, हरगड आणि साल्हेर.

दख्खनच्या इतर डोंगरांप्रमाणे हा पहाडही लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. कठीण थराचा ताशीव कडा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याची माची होते. गड बांधणाऱ्यांनी याच रचनेचा फायदा घेतला. वाघांबे गावाकडून चढणारी वाट साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत येते. तिथून पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला थेट दरी. माथ्यावर ऐसपैस पठार, त्यावर गंगासागर तलाव आणि रेणुकेचे देऊळ आहे. इतक्या उंचीवर साठवलेले पाणी ही या गडाची खरी ताकद. तटबंदी कितीही भक्कम असली तरी पाण्यावाचून वेढा सोसवत नाही. पठाराच्याही वर निमुळत्या टोकावर परशुरामाचे छोटेसे मंदिर आहे. परशुरामाने येथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला, अशी लोककथा आहे.

आज हा मुलूख आडवळणाचा वाटतो, पण सुरतेहून दख्खनेत येणारा व्यापार एके काळी बागलाणच्या खिंडींतून चढत असे. त्यामुळे येथील बागुल राजांच्या गडांवर मोठ्या सत्तांची नजर असे. १६३८ मध्ये औरंगजेबाने, दख्खनचा सुभेदार असताना, बागलाण मोगल राज्याला जोडले. १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराज याच वाटेने परतले आणि १६७१ च्या आरंभी साल्हेर स्वराज्यात आला.

मोगलांना हे सहन होणे शक्य नव्हते. इखलासखान आणि बहलोलखान यांनी गडाला वेढा घातला. तो मोडण्यासाठी प्रतापराव गुजर वरघाटातून आणि मोरोपंत पिंगळे कोकणातून चालून आले. १६७२ च्या आरंभी पायथ्याच्या मैदानात समोरासमोर लढाई झाली, इखलासखान हाती लागला, वेढा उठला. सूर्याजी काकडे येथेच धारातीर्थी पडले. गनिमी काव्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मराठी फौजेने मोगलांना उघड्या रणात हरवले, म्हणून या लढाईचे मोल इतर अनेक विजयांहून मोठे आहे.

पुढे १६८७ मध्ये गड मोगलांकडे गेला. पेशवाईत तो पुन्हा मराठ्यांकडे आला आणि १८१८ नंतर इंग्रजी अमलाखाली त्याचे लष्करी महत्त्व संपले. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांत साल्हेरचा समावेश आहे.