कुत्र्याचा पिंजरा आणि माणसाचे तास

ज्यांची हयात गेटसभांत आणि कामगारांच्या तक्रारी लिहून घेण्यात गेली, अशा आम्हांसारख्यांनी कुत्र्याच्या पिंजऱ्यावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु कोंडणे हा आमच्या परिचयाचाच विषय आहे. किती जागेत कोंडले, किती वेळ कोंडले आणि कडी कोणाच्या हाती होती, हे तीन प्रश्न आम्ही कारखान्यांत व चाळींत विचारीत आलो आहोत. तेच प्रश्न आज घरच्या कुत्र्याविषयी विचारावयाचे आहेत.

पुण्या-मुंबईकडे बंद सदनिकांत तारेचा घडीचा पिंजरा आता सर्रास दिसतो. त्याला क्रेट म्हणतात. आपल्याकडेही नव्या बंगल्याच्या ओट्यावर गजांचा पिंजरा येऊ लागला आहे. कोणी म्हणतात, ही कुत्र्याची सुरक्षित गुहा आहे. कोणी म्हणतात, हा तुरुंग आहे. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकण्यापूर्वी थोडा इतिहास पाहू.

आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे, १९७४ मध्ये एका भिल्ल माणसाला झुडपाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार वजनदार मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैल जुंपलेला रथ. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत; पण त्या रथावर माणूस उभा आहे आणि त्याच्यापुढे दांडीवर एक कुत्रा उभा आहे, याबद्दल वाद नाही. त्या कारागिराने कुत्र्याला दोरी दाखविली नाही, पेटीही दाखविली नाही. धन्याबरोबर प्रवासाला निघालेला सोबती म्हणून त्याने तो घडविला.

हेच नाते पुढेही दिसते. दत्ताच्या पायाशी चार श्वान आहेत. खंडोबाबरोबर कुत्रा आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे; त्याने शिकारीत महाराजांचा जीव वाचविला, म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला, अशी आख्यायिका आहे. धनगराचा कुत्रा वाड्याभोवती रात्र जागवितो. साखरेचा हंगाम आला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि बैलगाडीच्या सावलीत त्यांचा कुत्राही येतो.

तथापि जुन्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. हाल झालेल्या माणसाला आपण 'कुत्र्याचे जिणे' म्हणतो, ते उगाच नव्हे. मोकळ्या कुत्र्याच्या वाट्याला उष्टे, दगड आणि लूत हेही आलेच. शेजारचे शनिशिंगणापूर दार नसलेल्या चौकटींसाठी प्रसिद्ध आहे. तेथे रात्री चौकटीला फळी टेकवीत, ती चोरासाठी नव्हे, भटके कुत्रे आत शिरू नये म्हणून. म्हणजे कुत्र्याला जुन्या गावाने स्वातंत्र्य दिले, पण घर दिले नाही. आजची पद्धत घर देते आणि स्वातंत्र्य काढून घेते. आपला प्रश्न या दोहोंच्या मध्ये आहे.

शहरांत हा प्रश्न फार पूर्वी पेटला. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत सरकारने बेवारशी कुत्री मारण्याची मोहीम चालविली. मारणाऱ्यास बक्षीस होते, त्यामुळे शिपाई पाळीव कुत्रीही धरू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठे स्थान आहे. प्रेताला श्वानदर्शन घडविण्याचा त्यांचा विधी आहे. पारशी समाज रस्त्यावर आला, इतरही सामील झाले, दुकाने बंद पडली आणि कुलाब्याच्या लष्कराची रसद अडली. हरताळ हे हत्यार गिरणी कामगारांच्या हाती येण्याच्या कितीतरी आधी या शहराने ते कुत्र्यांसाठी उपसले होते, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था स्थापन झाली, आणि परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. पैसा पेटिट या गिरणीमालक घराण्याचा. त्याच परळच्या चाळींत एकेका खोलीत कामगारांची दोन-दोन बिऱ्हाडे दाटीने राहत. इस्पितळ वाईट होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मुक्या जिवाची कणव पैशाने करता येते. कामगाराला मात्र हक्क मागावा लागतो, एवढेच येथे नोंदवितो.

१८९० हे साल या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्या साली प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा हिंदुस्थानभरासाठी झाला. त्याच साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. मार खाणाऱ्या बैलाचे दुःख आणि आठवडाभर यंत्राशी बांधलेल्या माणसाचे दुःख एकाच वर्षी दफ्तरात नोंदले गेले.

स्वतंत्र भारतात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय नेटाने लावून धरला आणि १९६० चा नवा कायदा झाला. त्याचे अकरावे कलम प्रत्येक कुत्रा पाळणाऱ्याने वाचावे. हालचालीला पुरेशी उंची, लांबी, रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात जनावर ठेवणे हा गुन्हा आहे. आखूड वा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणे हाही गुन्हा आहे. आणि कुत्र्याचे नाव घेऊन कायदा सांगतो की, जो धनी आपल्या नेहमी बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरविण्यात हयगय करतो, तोही गुन्हेगार आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड फार तर ५० रुपये. दंड पाहून हसू येते. पण कलम लिहिणाराला मर्म कळले होते. त्याने गजांबरोबर वेळही मोजला.

आता पिंजऱ्याच्या बाजूचे म्हणणे ऐकू. पिलाला शिस्त लागते, कारण कुत्रा आपल्या निजण्याच्या जागी सहसा घाण करीत नाही. प्रवासात, आजारपणात, शस्त्रक्रियेनंतर त्याला एका जागी ठेवणे भाग असते. घरात परके आले तर भित्र्या कुत्र्याला आसरा मिळतो. आपल्या भागात तर आणखी एक कारण आहे. उसात बिबट्याने बिऱ्हाड केले आहे. आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. वस्तीवरच्या शेतकऱ्याने रात्री कुत्रा भक्कम जाळीत ठेवला, तर त्याला निर्दय कोण म्हणेल? तो जीव वाचवितो.

पण हीच कडी दिवसाही लागली, तर तिला बिबट्याचे कारण पुरत नाही. कुत्रा कळपात राहणारा प्राणी आहे. वास घेणे, धावणे आणि सोबत ही त्याची भूक आहे. तीन महिन्यांच्या पिलाला तीन-चार तासांपलीकडे लघवी आवरत नाही. त्याला कोंडून ठेवले म्हणजे स्वतःच्या घाणीत बसण्याची सक्ती होते. दीर्घकाळ कोंडलेली कुत्री गज चावून दात मोडून घेतात, एकसारखी भुंकतात, गोल फिरतात, नाही तर एका कोपऱ्यात निमूट पडून राहतात. त्या निमूटपणाला पुष्कळ धनी शिस्त समजतात. कारखान्यातही तक्रार न करणारा कामगार सुखी आहे, असे व्यवस्थापक सांगत असतात.

मग कुत्रा दिवसभर कोंडला का जातो? धनी दुष्ट असतो म्हणून? क्वचितच. नवरा-बायको दोघे कामावर जातात. ८ तासांची पाळी, त्यावर जाण्यायेण्याचे दोन-तीन तास. दार बंद, खिडक्या बंद, शेजाऱ्यांच्या तक्रारी. म्हणजे धन्याची पाळी कुत्र्यालाही भरावी लागते, आणि त्याच्या पाळीत जेवणाची सुटी नसते. कोंडणाऱ्याला बोल लावणे सोपे आहे. परंतु ज्याचा दिवस दुसऱ्याच्या घड्याळाला बांधला आहे, तो आपल्या आश्रिताला मोकळा दिवस कोठून देणार?

माणसाच्या बाबतीत हा हिशेब आपण झगडून मांडला. १९४८ च्या कारखाना कायद्याने नव्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे ५०० घनफूट जागा ठरविली, आणि १४ फुटांवरची उंची हिशेबात धरू नये असेही लिहिले. कारण उंच छप्पर दाखवून दाटी झाकता येते, हे कायदा करणारांस ठाऊक होते. कामाचे तास आणि विसावा हेही त्यातच ठरले. कुत्र्यासाठी असा नेमका हिशेब काही देशांनी केला आहे. स्वीडनमध्ये प्रवास, स्पर्धा असे अपवाद सोडले तर घरात कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडता येत नाही, आणि दिवसा निदान दर ६ तासांनी त्याला बाहेर न्यावे लागते. आपल्या कायद्यातला 'पुरेसा' हा शब्द तेथे आकड्यात उतरला आहे. पुरेसे वेतन आणि ठरलेले वेतन यांतला फरक ज्याने अनुभवला आहे, त्याला या आकड्याची किंमत सांगावी लागणार नाही.

आमचे मत असे आहे. ज्या पिंजऱ्याचे दार उघडे असते आणि कुत्रा आपण होऊन आत जाऊन निजतो, ते त्याचे घर आहे. रात्रीच्या धोक्यासाठी, आजारासाठी किंवा थोड्या वेळासाठी दार लावले, तर ती गरज आहे. मात्र आत त्याला ताठ उभे राहता, वळता आणि अंग पसरता आले पाहिजे, पाणी हवे आणि उन्हाळ्यात सावली हवी. पण रोज कामाच्या पाळीभर दार लावून ठेवणे ही कैद आहे. त्याला मऊ गादी टाकली म्हणून नाव बदलत नाही.

म्हणून कुत्रा आणण्यापूर्वी घरच्या मंडळींनी एकत्र बसून जागेआधी तास मोजावे. दुपारी घरी कोण असेल, सकाळी व सांजेला कोण फिरवील, सुगीत आणि हंगामात काय होईल? हिशेब बसत नसेल तर शेजारच्या आजोबांना किंवा शाळेतून परतणाऱ्या मुलांना त्यात सामील करावे. गावात अजून ते जमते. तेही नसेल तर कुत्रा आणू नये. आणि ज्यांना हा हिशेब आपल्या नोकरीच्या तासांमुळे बसत नाही, त्यांनी पिंजऱ्याच्या किमतीची चौकशी करण्याआधी युनियनच्या सभेला यावे. तेथे तासांचीच चर्चा चालू असते.