मानमोडी ते फ्लू शॉट

गणपती झाले, नवरात्र आले आणि घराघरांत फर्नेस सुरू झाले. आता कोपऱ्यावरच्या फार्मसीत 'फ्लू शॉट मिळेल' अशी पाटी लागेल. आपण ती वाचू, "पुढच्या आठवड्यात बघू" असे म्हणू आणि दूध-ब्रेड घेऊन घरी येऊ. आपल्या बोलण्यात 'फ्लू' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. चार शिंका आल्या तरी आपण "जरा फ्लू झालाय" म्हणून मोकळे होतो. आपल्या पणजोबांच्या पिढीने याच रोगाला दिलेले नाव मात्र स्वस्त नव्हते. महाराष्ट्रात त्याला 'मानमोडी' म्हणत.

हे सगळे आठवण्याचे कारण आधी सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आमच्या धाकट्याला १०१ ताप होता. नाटकात त्याचे काम होते, दोन महिने तालमी झाल्या होत्या. आम्ही गोळी दिली, ताप उतरला, नाटक झाले, टाळ्याही पडल्या. पुढच्या आठवड्यात पाच घरे अंथरुणाला खिळली. त्यांपैकी एका घरी पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी न्यूमोनिया होऊन नऊ दिवस इस्पितळात होत्या. देवाच्या दयेने त्या बऱ्या झाल्या. ताप आमच्याच घरून गेला हे कोणी सिद्ध करू शकत नाही आणि आम्हाला कोणी बोललेही नाही. पण आमचे मन आम्हाला बोलत राहिले. त्या हिवाळ्यात १९१८ सालाबद्दल मिळेल ते आम्ही वाचून काढले. त्यातले काही इथे देत आहोत.

१० जून १९१८ रोजी मुंबईत गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. ताप मलेरियाचा नव्हता. पहिले महायुद्ध अजून चालू होते आणि सैनिकांना नेणारी-आणणारी जहाजे बंदराला लागत होती. रोग जहाजातून आला, असे मुंबईचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांचे म्हणणे होते, तर सरकार शहराच्या घाणीकडे बोट दाखवत होते. हा वाद चालू असतानाच गोदीतून कचेऱ्यांत, गिरण्यांत आणि चाळींत ताप पसरला. जुलैत तो ओसरला आणि लोकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

सप्टेंबरात तो परतला, आणि या वेळी त्याचे रूप निराळे होते. त्या वर्षीचा दसरा १५ ऑक्टोबरला होता. साईबाबांनी शिर्डीत देह ठेवला तो हाच दसरा, म्हणून ही तारीख आपल्यापैकी अनेकांना पाठ असते. त्याच्या नऊ दिवस आधी, ६ ऑक्टोबरला, घट नुकतेच बसले असताना एकट्या मुंबई शहरात एका दिवसात ७६८ माणसे दगावली. इलाख्यातून ताप आगगाडीच्या रुळांबरोबर उत्तरेला आणि पूर्वेला गेला. साऱ्या हिंदुस्थानात किती माणसे गेली याचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत आहेत. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. जनगणनेच्या इतिहासात असे दशक हे एकच.

बरे, जाणारी माणसे म्हातारीकोतारी नव्हती. वीस ते चाळीस वयाचे कमावते पुरुष आणि लेकुरवाळ्या बायका जास्त गेल्या. त्यातही आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका अधिक गेल्या. घरात जी बाई आजाऱ्यांचे करते, ती स्वतः कधी निजणार? शिवाय त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते आणि अंगात ताकद नव्हती. फ्लूने फुफ्फुसे पोखरली की मागून न्यूमोनियाचे जंतू शिरत. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून दहा वर्षे होती.

आम्हाला सर्वांत अस्वस्थ केले ते मुंबईच्या एका आकडेवारीने. शहरातल्या युरोपियनांत हजारी सुमारे ८ माणसे मेली, पारशांत ९, मुसलमानांत आणि सवर्ण हिंदूंत १९ च्या आसपास, आणि ज्यांना तेव्हा 'खालच्या' जातीचे म्हणत त्यांच्यात हजारी ६१. रोग सर्वांना एकच झाला होता. पण एका खोलीत दहा माणसे राहणाऱ्याला आणि बंगल्यात राहणाऱ्याला तो सारखा झाला नाही. एका दिवसाची मजुरी बुडाली तर चूल पेटणार नाही, असा माणूस तापातच कामावर जाणार.

मग जे वाचले ते कशाने वाचले? औषधाने नव्हे, कारण औषध नव्हतेच. बरेचसे डॉक्टर युद्धावर गेले होते. वाचवले ते कोणीतरी वेळेवर पाजलेल्या पाण्याने, पेजेने आणि उशाशी बसलेल्या माणसाने. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक मदतीला उतरले. निरनिराळ्या ज्ञातींनी आणि संस्थांनी तात्पुरती इस्पितळे उघडली. वीस वर्षांपूर्वी प्लेगच्या वेळी सरकारने सक्ती केली आणि लोकांनी घरे मिटून घेतली. या वेळी लोकांनी आपणहून दारे उघडली.

आता ज्या देशात आपण संसार थाटले त्याच्याकडे वळू. त्या वेळी इथे मराठी घरे जवळजवळ नव्हतीच. आपल्यातली बहुतेक मंडळी १९६७ साली इमिग्रेशनचे नियम बदलल्यावर आली. पण कॅनडानेही तेच दु:ख भोगले. सुमारे ८० लाख वस्तीच्या या देशात फ्लूने जवळजवळ ५०,००० माणसे नेली. चार वर्षांच्या महायुद्धात कॅनडाचे साधारण ६०,००० सैनिक पडले, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा. आपल्याकडे झाले तेच इथेही झाले, सैनिकांच्या गाड्यांबरोबर रोग पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला. आल्बर्टात घराबाहेर मास्क सक्तीचा झाला. ऑन्टारिओत स्त्रियांना थोडेसे शिक्षण देऊन घरोघरी शुश्रूषेला पाठवले गेले. लॅब्रॅडॉर त्या वेळी कॅनडात नव्हते, तिथल्या ओकॅक या इन्युइट वस्तीत २६३ पैकी २०४ माणसे मेली. गरीब आणि दूरची माणसे आधी जातात, हा मुंबईचाच हिशेब तिथेही दिसतो.

मुलांना सांगायला एक गोष्ट. १९१९ साली स्टॅन्ली कपचा अंतिम सामना अर्धवट सोडावा लागला. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा संघ सिॲटलला खेळत होता, खेळाडू तापाने पडले, आणि जो हॉल हा त्यांचा खेळाडू ५ एप्रिलला तिथेच वारला. हॉकीवेड्या मुलाला फ्लूचे गांभीर्य सांगायला याहून वेगळे काही लागत नाही.

त्याच १९१९ साली कॅनडाने देशाचे पहिले आरोग्य खाते स्थापन केले. टोरोंटोच्या कॉनॉट प्रयोगशाळेने साथीतच एक लस करून फुकट वाटली होती, पण ती चुकीच्या शत्रूवर रोखलेली होती. फ्लू जिवाणूमुळे होतो असा तेव्हा समज होता. माणसातला फ्लूचा विषाणू सापडला १९३३ साली, लंडनमध्ये. खरी लस आली १९४० नंतर. आणि २००० साली ऑन्टारिओने ती सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली. पणजोबांच्या पिढीला जी मिळाली नाही, ती वस्तू आज फार्मसीच्या फ्रीजमध्ये आपली वाट पाहत पडलेली असते.

"पण तो १९१८ चा रोग गेला ना आता?" असे कोणी म्हणेल. तो गेलेला नाही. दर हिवाळ्याच्या फ्लूच्या विषाणूंत आजही त्याचे वंशज आहेत. २००९ साली स्वाइन फ्लू आला तेव्हा भारतातला पहिला बळी ३ ऑगस्टला पुण्यात गेला. ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. कॅनडात त्या साथीत ४२८ माणसे दगावली. साधारण वर्षीसुद्धा इथे फ्लूमुळे सुमारे १२,००० लोक इस्पितळात जातात आणि साडेतीन हजारांच्या आसपास मरतात.

आता आपल्या घरापुरते. विषाणू दरसाल रूप बदलतो, म्हणून लस दरसाल घ्यावी लागते आणि तिचा परिणाम व्हायला दोन आठवडे लागतात. ती शंभर टक्के रोखत नाही. जुळलेल्या वर्षी डॉक्टरकडे जाण्याइतका आजार साधारण निम्म्याने कमी करते, आणि झालाच तर तो इस्पितळापर्यंत जाण्याची शक्यता घटवते. दंडात टोचायच्या लशीने फ्लू होत नाही, कारण तिच्यात जिवंत विषाणू नसतो. पासष्टच्या पुढच्यांसाठी अधिक जोराची लस निघाली आहे, तिची चौकशी करावी. देशाहून आलेल्या आई-वडिलांना प्रांताचा विमा नसतो, पण लशीचे पैसे पडले तरी इस्पितळाच्या बिलापुढे ते काहीच नाहीत. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, इथे तो हिवाळ्यात. तेव्हा "आईंनी तिकडे घेतली होती" एवढ्यावर थांबू नये, केव्हा घेतली ते विचारावे.

ताप आलाच तर घरी राहावे, आणि औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तेव्हाच बाहेर पडावे. आले-तुळशीचा काढा घशाला आराम देतो, तो जरूर घ्यावा, पण तो विषाणू मारत नाही. अँटिबायोटिकही मारत नाही, उरलेल्या गोळ्या काढून घेऊ नयेत. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. म्हातारी माणसे, गरोदर बायका, लहान बाळे, दमा किंवा मधुमेह असलेले यांनी पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरला गाठावे, कारण टॅमिफ्लूसारखे औषध तेव्हाच नीट लागू पडते. श्वास लागला, छाती दुखू लागली, ओठ निळे पडले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर वाट न पाहता इमर्जन्सीत न्यावे.

आपल्यात नव्याने आलेली मुले-मुली आहेत. बेसमेंटमध्ये चौघे मिळून राहतात, दोन-दोन नोकऱ्या करतात, पगारी रजा नसते. मुंबईच्या चाळीतला हजारी ६१ चा आकडा आठवला की आधी ती डोळ्यांपुढे येतात. त्यांना "घरी राहा" असा नुसता उपदेश करून चालणार नाही. दारात डबा ठेवावा लागेल, औषध आणून द्यावे लागेल, रोज एक फोन करावा लागेल. मंडळाच्या फोन यादीचा याहून चांगला उपयोग आम्हाला सुचत नाही.

मराठीत 'साथ' हा शब्द रोगाचीही असते आणि माणसाचीही. १९१८ साली पहिली आली तेव्हा माणसांनी दुसरी दिली, म्हणून आपण आज इथे आहोत. यंदा दिवाळीच्या नाटकाला आमच्या धाकट्याचे काम आहे. पण त्या दिवशी अंग गरम लागले तर तो घरी राहील, आणि आम्हीही. त्याचे काम करायला दुसरा मुलगा तयार करून ठेवला आहे.