जुहूचा बंगला आणि रस्किनचें पुस्तक

पुस्तकाचा इतिहास लिहितांना आपण बहुधा लेखकापाशींच थांबतों. तें कोणीं वाचलें आणि वाचल्यावर काय केलें, ही हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं. अर्थशास्त्रासारख्या विषयांत तर हीच हकीकत अधिक महत्त्वाची. जॉन रस्किनच्या 'अन्टु धिस लास्ट' या लहानशा पुस्तकाची अशी एक हकीकत मुंबईशीं, व विशेषतः जुहूच्या किनाऱ्याशीं, निगडित आहे.

या पुस्तकांतील चार निबंध १८६० सालीं 'कॉर्नहिल' मासिकांत प्रसिद्ध झाले. वाचकवर्गांत इतका क्षोभ झाला कीं, संपादक थॅकरे यांस ती लेखमाला चौथ्या निबंधावरच आटोपती घ्यावी लागली; पुस्तक निघालें तें १८६२ मध्यें. क्षोभाचें कारण उघड होतें. स्वस्तांत घ्यावें व महागांत विकावें हा ज्या शास्त्राचा मूलमंत्र, त्या शास्त्राला रस्किननें नीतीच्या चावडीवर उभें केलें. शिपायानें राष्ट्राचें रक्षण करावें, वैद्यानें आरोग्य राखावें, आणि प्रसंग पडल्यास त्यासाठीं प्राणही द्यावा, असें आपण मानतों. मग राष्ट्राला पुरवठा करणाऱ्या व्यापाऱ्यालाच तेवढी सूट कां? जहाज फुटलें तर कप्तानानें सर्वांच्या शेवटीं उतरावयाचें असतें. तसेंच मंदीच्या दिवसांत मालकानें मजुरांबरोबर, किंबहुना मजुरांहून अधिक, झळ सोसावी. पुस्तकाचें नांव बायबलांतील द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तावरून घेतलेलें आहे. दिवस मावळतांना कामावर आलेल्या मजुरालाही तेथें पुरी मजुरी मिळते.

हें पुस्तक १९०४ सालीं हेन्री पोलक या मित्रानें जोहान्सबर्गच्या स्टेशनावर गांधीजींच्या हातीं दिलें. डर्बनपर्यंतचा प्रवास चोवीस तासांचा. एकदां उघडल्यावर पुस्तक खालीं ठेववेना, आणि रात्रीं झोंप येईना. वकिलाच्या व न्हाव्याच्या कामाची किंमत सारखीच, अंगमेहनतीचें जीवन हेंच खरें जीवन, हीं तत्त्वें त्यांनीं त्यांतून घेतलीं. पण घेऊन टिपणवहींत ठेवलीं नाहींत. थोड्याच दिवसांत फिनिक्स येथें शंभर एकर जमीन खरेदी झाली, छापखाना तेथें हलला, आणि वर्ण वा देश न पाहतां प्रत्येक कामकऱ्याला दरमहा तीन पौंड हें एकच वेतन ठरलें. १९०८ मध्यें त्यांनीं पुस्तकाचा गुजराती सारांश काढला आणि त्यास 'सर्वोदय' असें नांव दिलें. मूळ नांवांतील 'शेवटचा' मजूर अशा रीतीनें 'सर्वां'मध्यें सामील झाला. भाषांतरकारानें मूळ लेखकाच्या पुढें पाऊल टाकल्याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

१९१० मध्यें मुंबई सरकारनें 'हिंद स्वराज्य' वगैरे पुस्तकांबरोबर 'सर्वोदया'वरही बंदी घातली. इंग्रज ग्रंथकाराचा सारांश इंग्रज सरकारला राजद्रोही वाटावा, यांत रस्किनचाच गौरव आहे. पुढें ६ एप्रिल १९१९ रोजीं, रौलट कायद्याविरुद्धच्या हरताळाच्या दिवशीं, गांधीजींनीं व सरोजिनी नायडूंनीं मोटारींतून फिरून हीं बंदीचीं पुस्तकें मुंबईच्या रस्त्यांवर विकलीं. किंमत चार आणे. पण कित्येकांनीं खिशांत होतें तें सारें देऊन टाकलें, आणि एका प्रतीचे तर पन्नास रुपये आले. स्वस्तांत घ्यावें हा सिद्धान्त त्या संध्याकाळपुरता तरी खोटा ठरला!

आणि योगायोग असा कीं, आदल्याच दिवशीं, ५ एप्रिलला, त्याच मुंबईच्या बंदरांतून 'लॉयल्टी' नांवाची आगबोट विलायतेस निघाली होती. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून ती विकत घेतलेली. म्हणून कंपनीचें नांव सिंदिया. नरोत्तम मोरारजी, सोलापूरचे वालचंद हिराचंद व त्यांचे सहकारी हे तिचे संस्थापक. एका दिवशीं 'राजनिष्ठा' नांवाची देशी बोट, दुसऱ्या दिवशीं राजद्रोही ठरलेलें पुस्तक!

पांच वर्षांनीं या दोन्ही गोष्टी जुहूस एकत्र आल्या. जानेवारी १९२४ मध्यें पुण्याच्या ससून इस्पितळांत गांधीजींवर शस्त्रक्रिया झाली, फेब्रुवारींत त्यांची सुटका झाली, आणि मार्चपासून मे अखेरपर्यंत ते विश्रांतीसाठीं जुहूस नरोत्तम मोरारजींच्या समुद्रकांठच्या बंगल्यांत राहिले. त्या काळीं जुहू मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होतें. येरवड्यास गिबनच्या रोमन इतिहासापासून महाभारतापर्यंत भरपूर वाचन झालेलें; त्याच तुरुंगांत लिहावयास घेतलेल्या दक्षिण आफ्रिकेंतील सत्याग्रहाच्या इतिहासाची प्रस्तावना येथें, एप्रिलांत, लिहिली गेली. विश्रांति नांवाचीच, चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांच्याशीं कौन्सिलप्रवेशाचा वादही येथेंच झाला.

पण आमचें लक्ष यजमानाकडे जातें. कप्तानाचा दृष्टान्त देणाऱ्या पुस्तकाचा हा वाचक खऱ्याखुऱ्या जहाजमालकाच्या घरीं उतरला होता, आणि तो मालक त्या वेळीं खऱ्याखुऱ्या वादळांत होता. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीनें नोराचे दर पाडून सिंदियाला बुडविण्याचा उद्योग केला होता. १९२३ सालीं दहा वर्षांचा करार झाला. कंपनी तगली, पण तिच्या वाढीस मर्यादा पडल्या. आज स्वस्त, आणि प्रतिस्पर्धी मेल्यावर महाग: शास्त्राचा मूलमंत्र असा जपला जात होता. येथें रस्किन काय करणार? त्याचा सारा भार मालकाच्या सद्बुद्धीवर. सरकारी शाळा व कारखाने यांच्या सूचना प्रस्तावनेंत आहेत खऱ्या. परंतु दुसऱ्या जहाजाच्या कप्तानानें कर्तव्य सोडलें तर काय, याचें समाधानकारक उत्तर निबंधांत मिळत नाहीं.

तें उत्तर आमच्याकडे न्यायमूर्ति रानडे यांनीं आधींच सुचविलें होतें. लोकहितवादींच्या 'लक्ष्मीज्ञाना'पासून (१८४९) मराठी वाचक इंग्रजी अर्थशास्त्र शिकत आला. १८९२ सालीं डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत रानड्यांनीं, त्या शास्त्राचे नियम सर्व देशकालांस सारखे लागू नाहींत आणि मागासलेल्या देशांत सरकारनें हात दिला पाहिजे, असें प्रतिपादन केलें. रस्किननें शास्त्रास नीतीचा प्रश्न विचारला, रानड्यांनीं इतिहासाचा. आमच्या मतें दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा. १९२८ मध्यें किनाऱ्यावरील वाहतूक देशी जहाजांस राखून ठेवण्याचें हाजी यांचें बिल असेंब्लींत आलें, तें रानड्यांच्याच वाटेनें.

१९४४ च्या मे महिन्यांत, आगाखान महालांतून सुटल्यावर, गांधीजी पुनः जुहूस आले. यजमान नरोत्तमांचे चिरंजीव शांतिकुमार. 'रामराज्य' हा बोलपट त्यांनीं पाहिला तो याच मुक्कामांत. त्याच वर्षाच्या आरंभीं मुंबईच्या उद्योगपतींनीं पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये गुंतविण्याची आपली योजना प्रसिद्ध केली होती. त्यानंतरच्या काळांत प्रा. दांतवाला यांचा विश्वस्तपणाविषयींचा मसुदा गांधीजींपुढें आला व त्यांनीं कांहीं फेरफार करून तो मान्य केला. त्यांत किमान वेतनाबरोबर कमाल उत्पन्नाचीही मर्यादा आहे, आणि विश्वस्तपणा सरकारी नियमनाखालीं असावा, असें स्पष्ट म्हटलें आहे. रस्किनच्या कप्तानावर येथें प्रथमच कायद्याची नजर ठेवलेली दिसते. मसुदा 'हरिजन'मध्यें छापून आला १९५२ सालीं. नरोत्तम मोरारजी १९२९ मध्येंच वारले होते. आणि ज्या किनाऱ्यासाठीं ते झगडले, तो एव्हांना देशी जहाजांस राखून ठेवला गेला होता.